डोकं चालतं पण पाय जड आहेत, मग मिडफिल्ड सोडू का?

पत्र मोठं आहे, वहीची चार पानं, फोटो काढून पाठवलेली. त्यातलं मुद्द्याचं तेवढंच इथं देतोय, नाव आणि शाळा काढून टाकलीय.

सोलापूरच्या पूर्व भागातला पंधरा वर्षांचा मुलगा, यंदा दहावीत. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर, आई विड्या वळते, एक लहान बहीण. सातवीपासून शाळेच्या फुटबॉल टीमला सेंटर मिडफिल्डला, म्हणजे ग्राउंडच्या मधल्या भागात, खेळतोय. यंदा नवीन कोच आले, पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना या गोलपासून त्या गोलपर्यंत पळवलं, हा शेवटून दुसरा आला. त्याच्या मागं फक्त गोलकीपर. कोच म्हणाले, डोकं चांगलंय तुझं पण पाय जड आहेत, आता स्पीडशिवाय मिडफिल्ड नसतंय. तेव्हापासून हा बेंचवर आणि याच्या जागी शाळेचा १०० मीटरचा धावपटू. एक मित्र म्हणतो पायाला वजन बांधून तलावाला राउंड मार. दुसरा म्हणतो पुण्यात एक अकादमी आहे, तीन महिन्यांत स्पीड डबल करून देतात. पप्पा म्हणतात दहावी आहे, सोडून दे. "सर, मी रोज रात्री इटलीच्या पिर्लोचे आणि स्पेनच्या झावीचे व्हिडिओ बघतो, ते पण स्लो होते ना? खरं सांगा, स्पीड नसताना मिडफिल्डर होता येतं का, की आत्ताच सोडू?"

---

पोरा,

खरं सांगा म्हणालास म्हणून आधी तेच. होता येतं. पण ज्या व्हिडिओंच्या भरवशावर तू बसलायस त्यांच्या भरवशावर नाही होता येत, त्याकडं नंतर येतो.

आधी मला हे सांग की तू स्लो आहेस हे ठरवलं कुणी? एका पळण्यानं. या गोलपासून त्या गोलपर्यंत, सरळ रेषेत, पायात बॉल नाही, अंगावर कुणी नाही, मागं कोण येतंय बघायचं नाही. आता मला आठवून सांग, सातवीपासून जेवढ्या मॅच खेळलास त्यात असं शंभर मीटर सरळ किती वेळा पळालास? मिडफिल्डरचं पळणं म्हणजे आठ-दहा पावलं, थांबा, वळा, परत पाच पावलं, मग उलटं सरका, मग अर्ध्या मिनिटानं परत तेच. त्या शर्यतीत जे मोजलं गेलं ते खोटं नाहीये, पण ते विंगरचं, म्हणजे कडेनं पळणाऱ्याचं माप आहे. शिंप्यानं पँटचं माप घेऊन शर्ट शिवल्यासारखं झालं हे.

स्पीड हा एकच शब्द आपण चार वेगळ्या गोष्टींना लावतो ना, तिथंच सगळा घोळ होतो. लांब पळताना गाठलेला सगळ्यात जास्त वेग ही एक गोष्ट. पहिली पाच-सात पावलं किती झटकन पडतात ही दुसरी. वळायला किती वेळ लागतो ही तिसरी. आणि कधी निघायचं हे कुणाला आधी कळलं ही चौथी, जी स्टॉपवॉचमध्ये येतच नाही, कारण स्टॉपवॉच शिट्टी वाजली की सुरू होतं आणि मॅचमध्ये शिट्टी कुणी वाजवत नाही. तू यातल्या पहिलीत शेवटून दुसरा आलास. बाकी तिन्हीचं कुणी मोजलंच नाही.

दुसरी गोष्ट तू पत्रात जाता जाता लिहून गेलास, मला मात्र तीच महत्त्वाची वाटली. दिवाळीला घेतलेली पँट आता घोट्याच्या वर गेलीय आणि गुडघ्याच्या वाटीच्या खाली, समोरच्या बाजूला, टेंगूळ आल्यासारखं दुखतं. अरे बाबा, तू वाढतोयस! मुलांची उंची झपाट्यानं वाढायचा काळ साधारण तेरा-चौदाच्या आसपास येतो, पण काहींना तो पंधरा-सोळाला येतो. त्यात पाय आधी लांब होतात, ताकद मागनं येते, आणि मधले काही महिने स्वतःचेच पाय स्वतःला परके वाटतात, चालताना उंबऱ्याला ठेच लागते, बॉल जिथं असेल वाटतं तिथं नसतो. सातवीत तू एवढा स्लो नव्हतास असं तूच लिहिलंयस. १७ वर्षांखालच्या गटात तू पंधराचा आणि तुझ्या जागी घेतलेला पोरगा सतरा व्हायला आलेला, त्याला मिशी आहे हेपण तूच लिहिलंयस (ते वाचून हसलो मी). त्याचं शरीर आलेलं आहे, तुझं अजून यायचंय. म्हणजे उद्या तू त्याच्यापेक्षा जोरात पळशील असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण अर्ध्यावर शिजलेला भात चाखून मीठ कमी म्हणायचं नसतं.

आणि ते गुडघ्याचं. वाढीच्या वयात जास्त पळणाऱ्या-उड्या मारणाऱ्या पोरांना नेमकं तिथंच दुखतं, ऑसगुड-श्लॅटर असं नाव आहे त्याला, बहुतेक वेळा वाढ थांबली की आपोआप बसतं. पण ते तेच आहे हे मी मोबाईलवर फोटो बघून सांगू शकत नाही, हाडाच्या डॉक्टरला एकदा दाखव, सिव्हिलला दाखवलंस तरी चालेल. तोपर्यंत पायाला वजन बांधून तलावाला राउंड मारायचं नाव काढू नकोस. दुखऱ्या गुडघ्याला खाली वजन लटकवून डांबरी रस्त्यावर पळायचं म्हणजे दुखणं विकत घेणं.

आता माझं थोडं ऐक.

मी राइट विंगला खेळायचो आणि फास्ट होतो, सोलापुरात त्या काळात मला पकडणारा फार कमी जण. नव्वदच्या आसपासची गोष्ट, आमची टीम एसटीनं सांगोला-मिरज करत कोल्हापूरला एक मैत्रीची मॅच खेळायला गेली. कोल्हापूरचा फुटबॉल तुला माहितीय, तिथं पेठा आणि तालमी फुटबॉलवरून भांडतात. त्यांच्या मिडफिल्डला एक माणूस, चाळिशीकडं झुकलेला, पोट जरा सुटलेलं, गुडघ्याला क्रेप बँडेज. आम्ही एकमेकांकडं बघून हसलो, आमचा लेफ्ट हाफ म्हणाला, "ह्यो काय पळतोय बे." चार-शून्यनं हरलो. तो माणूस खरंच पळाला नाही. मी त्याच्यावर धावून जायचो, जाईपर्यंत बॉल गेलेला असायचा, आणि वाईट म्हणजे मी जिथनं आलो नेमकं तिथंच, मी मोकळ्या सोडलेल्या जागेत गेलेला असायचा. अर्ध्या तासानं माझी जीभ बाहेर आणि त्याचा शर्ट सुद्धा भिजला नव्हता नीट.

मॅचनंतर चहाच्या गाड्यावर बाकड्यावर बसलो होतो, तो शेजारी येऊन बसला. मी विचारलं कसं काय हो जमतं. तो म्हणाला, मागं वळायचं नाही, तुझ्या मागं काय काय आहे सांग. मला सांगता येईना. बाकड्यावर बसताना मी तिकडूनच आलो होतो तरी सांगता येईना. मग तो कपातला चहा फुंकत, मागं न बघता म्हणाला, दोन पोरं आहेत, एक सायकल आडवी पडलीय, आणि तुमचा गोलकीपर बूट काढायलाय, एकच काढलाय अजून. वळून बघितलं, एकच काढला होता.

हे मी तुला गोष्ट म्हणून सांगत नाहीये, याच्यावर अभ्यास झालाय. नॉर्वेचे गेयर योर्देत म्हणून संशोधक आहेत, त्यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या मिडफिल्डरांचे व्हिडिओ घेऊन एवढंच मोजलं की बॉल यायच्या आधी कोण किती वेळा मान वळवून आजूबाजूला बघतो. जे जास्त बघत होते त्यांचे पास जास्त अचूक जात होते, आणि पुढच्या दिशेनं जाणाऱ्या पासमध्ये हा फरक ठळक होता. त्या लीगमधला लॅम्पार्ड आणि स्पेनमध्ये खेळणारा झावी हे सारखं मान वळवणाऱ्यांत अगदी वरचे. आता हिशोब कर, नव्वद मिनिटांच्या मॅचमध्ये एका खेळाडूच्या पायात बॉल जेमतेम दोन-तीन मिनिटं असतो. उरलेली सत्त्याऐंशी मिनिटं तू काय करतोस त्याच्यावर तुझं मिडफिल्ड ठरतं, आणि त्यातला बराच भाग बघण्याचा आहे, पळण्याचा नंतर.

गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर भर गर्दीत चहाची किटली घेऊन फिरणारी पोरं बघितलीयस ना? पळत नाहीत, धक्का लागत नाही, चहा सांडत नाही, आणि तुमच्या आधी पलीकडं पोचलेली असतात. तसलं काहीतरी.

बरं, आता पिर्लो आणि झावी. इथं तुला जरा कडू वाटेल.

पिर्लोचे व्हिडिओ बघून "स्लो असलो तरी चालतं" एवढंच घेतलंस तर फसशील. पिर्लो आधी पुढं, स्ट्रायकरच्या मागं खेळायचा. इंटर मिलानमध्ये त्याचं बस्तान बसेना. २००१ मध्ये ब्रेशियाकडून खेळताना मात्झोने नावाच्या कोचनं त्याला मागं, डिफेन्सच्या पुढं आणलं, कारण पुढच्या जागेवर इटलीचा मोठा स्टार रॉबर्तो बॅजियो होता. पाय तेच राहिले, जागा बदलली, आणि मागनं अख्खं ग्राउंड त्याच्या डोळ्यासमोर आलं. पुढं इटलीनं जिंकलेल्या २००६ च्या वर्ल्ड कप फायनलचा मॅन ऑफ द मॅच तोच. पण त्या टीममध्ये त्याच्या शेजारी गट्टुसो होता हे व्हिडिओ बनवणारे दाखवत नाहीत, गट्टुसो म्हणजे नव्वद मिनिटं दुसऱ्यांच्या अंगावर जाऊन बॉल हिसकावणारा माणूस, पुढं एसी मिलान क्लबमध्येही तोच शेजारी. तुझ्या टीममध्ये तुझा गट्टुसो कोण आहे?

आणि झावी स्लो होता हे अर्धंच खरं. लांब पळण्यात तो कुणाला हरवायचा नाही, उंचीपण १७० सेंटीमीटर. पण दोन पावलांच्या जागेत गर्रकन वळण्यात त्याला तोड नव्हती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो मॅचभर थांबायचाच नाही, पास दिला की दुसरीकडं मोकळा, पास दिला की तिसरीकडं मोकळा. वरच्या लेव्हलला मिडफिल्डर एका मॅचला दहा-बारा किलोमीटर अंतर कापतात, त्यात हे "स्लो" म्हणवले जाणारेपण आले. यूट्यूबवर ते चालताना दिसतात कारण व्हिडिओत फक्त बॉल पायात असतानाचे तुकडे असतात.

जर्मनीचा मिडफिल्डर टोनी क्रूस बघ त्यापेक्षा, युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग सहा वेळा जिंकून २०२४ ला रिटायर झाला तोपर्यंत टीममधली जागा पक्की, आणि त्याला स्पीडसाठी कुणी कधी घेतलं नव्हतं. त्याच वर्षीचा, जगातल्या सगळ्यात भारी फुटबॉलपटूला मिळणारा बॅलन डी'ओर रोद्रीला मिळाला, तोपण मिडफिल्डरच, आणि काही धावपटू नव्हे. म्हणजे जुन्या काळी चालायचं आता चालत नाही, हे तुझ्या कोचचं म्हणणं तितकंसं बरोबर नाही. पण अर्धं बरोबर आहे. खेळ पहिल्यापेक्षा फास्ट झालाय, बॉल मिळाला की दोघं अंगावर येतात, आणि स्पीडला एक तळ आहे, त्याच्या खाली गेलास तर डोकं कितीही चालू दे उपयोग नाही. तुला सगळ्यात फास्ट व्हायचं नाहीये, तुला त्या तळाच्या वर राहायचंय. ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं बऱ्यापैकी हातातलं आहे.

आता तुझ्या कोचची बाजू घेतो थोडी, रागावू नकोस.

आपल्याकडची ग्राउंडं कशी आहेत? कडक मुरूम, वर धूळ, मधेच खडा. बॉल जमिनीवरून सरळ येतच नाही, उसळतो, पहिल्या टचला दोन फूट लांब जातो. मग काय होतं, जो जोरात पळतो तो त्या सुटलेल्या बॉलवर पहिला पोचतो. शाळेच्या मॅच छोट्या असतात, नॉकआउट असतात, एक हरलं की घरी. कोचला जिल्ह्याच्या पुढं जायचंय, शाळांच्या देशपातळीवरच्या सुब्रतो कपला टीम न्यायचीय, त्यानं लांब बॉल मारून फास्ट पोराला पळवलं तर त्याचं आजच्यापुरतं गणित चुकलं असं म्हणता येत नाही. आपल्या ग्राउंडवर स्पीडला बोनस मार्क मिळतात. हेच पोरगं उद्या चांगल्या गवतावर गेलं, जिथं समोरचेपण तेवढेच फास्ट आहेत, की तो बोनस गायब होतो आणि मग पहिला टच उघडा पडतो. माझंच तसं झालं. एकोणीस-वीसला जिल्ह्याच्या बाहेर गेलो तर माझ्याएवढे पळणारे प्रत्येक टीममध्ये चार, आणि बॉल थांबवायला मला कुणी शिकवलंच नव्हतं, कारण तोपर्यंत गरजच पडली नव्हती.

म्हणून कोचकडं जा, पण पिर्लोचं नाव घेऊन जाऊ नकोस, कुठल्याच कोचला ते आवडत नाही. एवढंच विचार, "सर, मी नेमका कुठं उशिरा पोचतो ते दोन मॅच बघून सांगाल का?" हा प्रश्न असा आहे की त्याचं उत्तर द्यायला त्यांना तुझ्याकडं बघावं लागतं. शिवाय डिफेन्सच्या पुढं, जोडीला एक पळणारा घेऊन खेळवून बघा असं म्हण. तो १०० मीटरवाला शत्रू समजू नकोस, तोच तुझा गट्टुसो असू शकतो. दोघांपैकी एक या भांडणात तू पडलायस, दोघं मिळून असं कुणी बोललेलंच दिसत नाही.

आता घरचं काम. हे तुझ्यासारख्या सगळ्यांनाच लागू आहे, या महिन्यात अशाच प्रश्नाची अजून तीन पत्रं आलीत, त्यातलं एक होटगी रोडच्या एका मुलीचं.

पहिलं म्हणजे मोज. बेंचवर बसणाऱ्या एखाद्या दोस्ताच्या एका खिशात चिंचोके भर. तुझ्याकडं बॉल यायच्या आधी तू मान वळवून मागं बघितलंस की त्यानं एक चिंचोका या खिशातून त्या खिशात टाकायचा. मॅचनंतर मोजा. पहिल्या वेळी आठ-दहाच निघतील, लाज वाटेल, वाटू दे. दुसऱ्या दोस्ताला मोबाईल दे, त्यानं बॉलचं नाही फक्त तुझं शूटिंग करायचं, जमेल तेवढ्या उंचावरून, शाळेच्या गच्चीवरून दिसत असेल तर उत्तम. रात्री पिर्लोच्या ऐवजी ते बघ. जिथं जिथं उशीर झाला तिथं थांबव आणि बघ की उशीर पळताना झाला की निघताना. माझा अंदाज, निम्म्याहून जास्त वेळा तू निघालासच उशिरा असं दिसेल. पायांचा दोष वाटत होता तो निघण्याचा निघेल, आणि ते सुधारायला तीन महिन्यांची फी लागत नाही.

भिंत शोध. गल्लीतली कुठलीही, मालकाला विचारून. रोज पंधरा मिनिटं, दोन्ही पायांनी पास मार आणि थांबव. बहिणीला मागं उभं कर, तिनं बोटं दाखवायची, दोन, चार, एक, सारखी बदलत. बॉल भिंतीला लागून परत यायच्या आत तू खांद्यावरून मागं बघून आकडा मोठ्यानं सांगायचा आणि मगच बॉल घ्यायचा. आकडा चुकला तर तो पास मोजायचा नाही. सुरुवातीला बॉल पण जाईल आणि आकडा पण चुकेल, पंधरा-वीस दिवसांनी मान आपोआप वळायला लागते, आपल्याला कळतपण नाही. नळाला पाणी येणार असेल त्या दिवशी सुट्टी घे आणि घागरी भर, घरच्यांची सहानुभूती लागणार आहे तुला पुढं.

बॉल घेताना समोर तोंड करून उभा राहू नकोस, तिरका उभा राहा, दार अर्धं उघडं ठेवल्यासारखा, आणि लांबच्या पायानं बॉल घे. म्हणजे डावीकडनं आला तर उजव्या पायानं. या एका सवयीनं वळायचा बराच वेळ वाचतो. स्लो माणसाला फुकट मिळालेली दोन पावलं आहेत ही, आणि तरी आपल्याकडं पोरं ताठ उभी राहून जवळच्या पायानं बॉल घेतात, पाठीवर माणूस घेतात, आणि मग म्हणतात टाइमच मिळत नाही.

पळण्याचंपण करायचंय, पण तलावाला राउंड मारून नाही. राउंडनं दम वाढेल, तो हवाच आहे, पण झटका वाढत नाही. गुडघा बरा आहे असं डॉक्टरनं सांगितल्यावर आठवड्यातनं दोन दिवस, दहा मीटर जोरात पळायचं, सहा वेळा, बास. मधे पूर्ण दम येऊ दे, दीड-दोन मिनिटं, घाई नाही. कधी उभ्यानं, कधी पाठमोरं उभं राहून वळून, कधी बसल्या जागेवरून उठून निघायचं. एप्रिल-मे मध्ये सकाळी सातच्या आत उरकायचं, आपलं ऊन चाळिशीच्या वर असतंय, दुपारी ग्राउंडवर जाणं हा शूरपणा नाही. पावडर-बिवडर काही घेऊ नकोस. भाकरी, शेंगाची चटणी, दूध, अंडी चालत असतील तर अंडी, आणि रात्रीची झोप. वाढीच्या वयात झोपेत जे होतं ते डब्यातल्या पावडरीत मिळत नाही, आणि तू रात्री एकपर्यंत व्हिडिओ बघतोस असं लिहिलंयस.

पुण्याच्या अकादमीबद्दल एकच. "स्पीड डबल" म्हणणाऱ्याला माणूस म्हणून नमस्कार कर आणि पुढं चाल. ट्रेनिंगनं स्पीड थोडा वाढतो, सुरुवात सुधारते, पळायची ढब सुधारते, पण डबल फक्त पेट्रोलचा भाव होतो. खरंच अकादमीत जायचं असेल तर भारतीय फुटबॉल महासंघ अकादम्यांना स्टार देऊन दर्जा देतो, तो आहे का विचार. सिलेक्शन ट्रायलनं होतं की पैसे भरले की कुणालाही घेतात ते विचार, आणि तुझ्या वयाच्या पोरांना आठवड्याला खऱ्या मॅच किती मिळतात ते विचार. यंदा तर नाहीच, दहावी झाल्यावर.

राहता राहिले पप्पा. "फुटबॉल की दहावी" असा प्रश्न त्यांच्यासमोर नेलास तर दहावीच जिंकणार, जिंकायलाच पाहिजे. त्याऐवजी टाइमटेबल ने. आठवड्यात तीन दिवस ग्राउंड, रोज पंधरा मिनिटं भिंत, डिसेंबरनंतर फक्त भिंत, बोर्डाची परीक्षा होईपर्यंत. त्यांना अजून एक विचार, मागावर पळतं कोण, धागा इकडून तिकडं नेणारा धोटा की मागवाला? आता बऱ्याच ठिकाणी बिनधोट्याचे रेपियर माग आले, धोटा गेला, पण तुझ्या पप्पांनी धोट्याचा माग नक्की चालवला असेल. चार-चार माग सांभाळणारा माणूस धावत नाही, कुठला धागा तुटणार हे त्याला आवाजावरून आधी कळतं आणि तो आधीच तिथं जाऊन उभा असतो. तू काय खेळतोस हे त्यांना यूट्यूबपेक्षा याच्यातनं लवकर कळेल, आणि तुलाही त्यांच्याकडनं चार गोष्टी कळतील.

सोडू का हे तू विचारलंस, आणि त्यात एक गृहीत धरलंयस की पुढं प्रोफेशनल झालो तरच ते खेळणं. फास्ट पोरांमधले पण जवळजवळ सगळेच प्रोफेशनल होत नाहीत रे, मी झालो नाही, आणि मला स्पीड होता. स्पीड नाही म्हणून सोडायचं असं म्हटलं तर ते कारण काही फार भारी नाही. खेळायला मजा येत नाहीये म्हणून सोडलंस तर मी एक शब्द बोलणार नाही. पण चार पानं दोन्ही बाजूंनी लिहिणाऱ्याला मजा येत नसेल असं मला वाटत नाही.

कोच मंडळी हे वाचत असतील तर एक विनंती, पहिल्या दिवशी पळवा, जरूर पळवा, पण त्याच दिवशी पाच-पाच जणांची छोटी मॅच पण लावा आणि त्यात बॉल नसलेल्या पोरांकडं बघा. पंधराव्या वर्षी मिशी आलेली आणि न आलेली पोरं एका रांगेत उभी करून शिट्टी मारली की निकाल आधीच लागलेला असतो.

दोन महिन्यांनी परत लिही, चिंचोक्यांचा आकडा टाक त्यात, पहिल्या मॅचचा आणि शेवटच्या मॅचचा. डॉक्टर काय म्हणाले तेपण. आणि पायाला बांधायची ती वजनं मित्राच्या नादानं विकत घेऊन ठेवली असशील तर दुकानदाराला परत करून टाक, बिल असेल तर घेतो तो.